वाटसरूचे अन्नपाणी

प्रवासाहून परत आलेल्या माणसास देवळांची नावे आठवत नाहीत, किल्ल्यांचे सन आठवत नाहीत. परंतु कोणत्या गावी काय खावयास मिळाले हे तो सहसा विसरत नाही. मथुरेचे पेढे, काशीची रबडी, लखनौचे कबाब, दिल्लीच्या चांदणी चौकातील पराठे यांची वर्णने रंगून सांगणारे गृहस्थ प्रत्येक कुटुंबात एखाददुसरे तरी असतातच. अमुक गल्लीतील अमुक दुकान, अमुक हलवाई, अमुक खानावळ अशी त्यांची आवडती ठिकाणे ठरलेली असतात, आणि उत्तरेकडे निघालेल्या प्रत्येकाच्या हाती ते ती यादी अगत्याने देतात.

परंतु आवडीनिवडीचा प्रश्न हा प्रवासातील पुढचा प्रश्न होय. त्याच्याही अगोदर प्रवाशापुढे दुसरा एक प्रश्न उभा असे, आणि तो बराच कठीण होता. या परक्या गावी मला जेवू कोण घालील? कोठे बसवून घालील? आणि जेवल्यावर पिण्यास पाणी कोण देईल? पैसे टाकले की ताट समोर येते, ही आजची समजूत फार जुनी नव्हे. ती रूढ होण्यापूर्वी वाटसरूचे अन्न त्याच्या खिशावर जितके अवलंबून असे, त्याहून अधिक त्याच्या जन्मावर अवलंबून असे. या गोष्टीचा इतिहास एखाद्या मोठ्या नगरात शोधण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, महाड आणि पोलादपूर ही दोन वाटेवरची गावे आहेत. तेथे हा इतिहास जितका स्पष्ट दिसतो तितका तो क्वचितच इतरत्र दिसेल.

ही दोन्ही गावे मुळात मुक्कामाची. महाड सावित्री नदीच्या काठी वसलेले असून गांधारी नदी त्याच्या जवळच सावित्रीस मिळते. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट. तेथून खाडीने आत यावे, मोठ्या गलबतांनी दासगावास थांबावे आणि लहान होड्यांनी भरतीच्या पाण्यावर महाड गाठावे, असा जुना क्रम होता. महाडास जलमार्ग संपे आणि डोंगरवाट सुरू होई. एक वाट वरंध घाटाने भोराकडे चढे. दुसरी पोलादपुरावरून पारघाटाने जावळीच्या खोऱ्यातून देशावर जाई. तिसरी कशेडीचा डोंगर ओलांडून खेड-चिपळुणाकडे उतरे. मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर जात. धान्य, गूळ आणि मिरची खाली येत. जेथे माल एका वाहनातून दुसऱ्यात चढतो तेथे माणसास रात्र काढावी लागते, आणि जेथे रात्र काढावयाची तेथे चूल पेटवावी लागते. महाड आणि पोलादपूर यांचा जीव या चुलींवर जगला असे म्हणावयास हरकत नाही.

या चुलींचा सर्वांत जुना पुरावा महाडच्या वेशीवर डोंगरात कोरलेला आहे. गांधारपाले येथील सुमारे तीस बौद्ध लेण्यांपैकी एका लेण्यात काणभोअ विष्णुपालित नावाच्या राजकुमाराचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्याने काय काय दिले याची मोजदाद त्या लेखात केलेली असून तीत चैत्यगृह आहे, आठ ओवऱ्या आहेत, तशाच पाण्याच्या पोढ्या आणि लेण्यास जोडलेली वाटही आहे. दानाची ही यादी लक्षात ठेवण्याजोगी आहे. राजपुत्रास पुण्य जोडावयाचे होते, आणि त्यासाठी निवारा, पाणी व वाट या तीन गोष्टी त्यास पुरेशा वाटल्या. पावसाळ्याचे चार महिने भिक्षू तेथे राहत, पायथ्याच्या गावी भिक्षा मागत आणि वर येऊन पोढीचे पाणी पीत. त्या काळी घाटवाटांवर येणारेजाणारे व्यापारी अशा विहारांचे आश्रयदाते असत, हे सह्याद्रीतील अनेक लेण्यांच्या दानलेखांवरून सर्वश्रुत आहे. वाटसरूस पाणी देणे हे पुण्यकृत्य होय, ही कल्पना या प्रदेशात निदान सतराअठराशे वर्षे जुनी आहे. या गोष्टीचे महत्त्व पुढे ध्यानात येईल.

यानंतरचा प्रसंग सन १६७४ मधील असून तो मोठा मौजेचा आहे. महाडापासून जवळच्या रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची तयारी चालू होती. त्याच सुमारास मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची बोलणी करण्यासाठी निघाला. चौल, अष्टमी, निजामपूर असे मुक्काम करीत तो गडाच्या पायथ्याशी पाचाडास आला. महाराज प्रतापगडास भवानीच्या दर्शनास गेलेले असल्यामुळे या मंडळीस काही दिवस पायथ्याशीच वाट पाहावी लागली. पुढे ती गडावर चढली. डॉक्टर फ्रायर या समकालीन इंग्रजाने आपल्या प्रवासवर्णनात या वकिलातीची हकीकत दिली आहे. तीत तो सांगतो की, या लोकांचे आवडते अन्न म्हणजे डाळतांदळाची तुपातली खिचडी. वकिलाच्या मंडळीस ती फार दिवस रुचेना. मांस मिळावे अशी विनंती राजाकडे गेली, आणि तेथील थोड्याशा मुसलमान वस्तीस मांस पुरविणाऱ्या खाटकास त्याप्रमाणे हुकूम सुटला. रोज अर्धा बोकड या हिशेबाने इंग्रजांची सोय झाली. पुढे तो खाटीक, म्हातारा असूनही, एवढा उंच गड चढून मुद्दाम इंग्रजांस पाहावयास आला. कारण काय, तर कित्येक वर्षांत खपले नव्हते इतके मांस या पाहुण्यांनी थोड्या दिवसांत संपविले होते, आणि असे गिऱ्हाईक असते तरी कसे हे त्यास डोळ्यांनी पाहावयाचे होते!

ही गोष्ट पुष्कळदा इंग्रजांच्या भुकेची थट्टा म्हणून सांगितली जाते. परंतु तीत एक राजनीतीही आहे. पाहुणा परधर्माचा, त्याचे खाणे यजमानाच्या खाण्याहून सर्वस्वी निराळे. तरीही त्याने यजमानाच्या रीतीने जेवावे असा आग्रह झाला नाही. त्याच्या रीतीने त्यास अन्न मिळण्याची व्यवस्था राज्याने केली. तत्कालीन समाजात एका पंक्तीस सर्वांनी बसावे ही कल्पना नव्हती; मात्र राजाच्या दाराशी आलेल्यास उपाशी ठेवू नये, ही होती.

पेशवाईत महाडाने याहून मोठे पाहुणे पाहिले. सन १७९६ मध्ये पुण्याच्या राजकारणातून पळ काढून नाना फडणीस महाडास येऊन राहिले; तेथे बसूनच त्यांनी आपली बाजू पुन्हा सावरली, आणि निजामाशी झालेला तह महाडच्या नावाने इतिहासात नोंदला गेला. सहाच वर्षांनी, ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांकडून पराभव पावल्यावर दुसरा बाजीराव याच बाजूस उतरला, महाडास थांबला आणि पुढे सुवर्णदुर्गाकडून समुद्रमार्गे वसईस गेला. फौजफाट्यासह आलेल्या या पाहुण्यांस धान्य, वैरण, लाकूडफाटा पुरविणे हे त्या बाजारपेठेचे काम होते. मोठ्यांच्या मुक्कामाच्या नोंदी दप्तरात राहतात. सामान्य वाटसरूच्या राहत नाहीत. तथापि त्याचे कसे चाले याची कल्पना करणे फारसे अवघड नाही.

वाणीउदमी किंवा शेतकरी असेल तर तो घरून शिदोरी बांधून निघे. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, कांदा, सुक्या मासळीचा तुकडा, कोरडी चटणी एवढे त्यात असे. शिदोरी संपली की बाजारातून शिधा घ्यावा, धर्मशाळेच्या ओट्याशी तीन धोंड्यांची चूल मांडावी आणि स्वतःच्या हाताने भात शिजवावा. विकतचे शिजवलेले अन्न खाणे ही गोष्ट प्रतिष्ठितपणाची मानली जात नसे. कोणी शिजवले, कोणी शिवले, याची खात्री कशी द्यावी? यास्तव कोरडा शिधा जितका चाले तितका शिजलेला भात चालत नसे. ब्राह्मण प्रवासी असेल तर त्याची सोय याहून चांगली. गावातील ब्राह्मणाच्या घरी जाऊन नाव, गोत्र, गाव सांगितले की पान मांडले जाई. मोठ्या क्षेत्री अन्नछत्रे असत, संस्थानिकांच्या राजधान्यांत दक्षिणा मिळे, आणि ज्याच्या गाठी पैसा नाही असाही भिक्षुक शेकडो कोस जाऊन येई.

याचे उत्तम उदाहरण याच जिल्ह्याने दिले आहे. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे सन १८५७ मध्ये आपल्या चुलत्यांसह उत्तर हिंदुस्थानात निघाले. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात चांगली दक्षिणा मिळेल ही आशा होती. वाटेत बंडाची आग पेटली. ग्वाल्हेर, झाशी, काशी अशी उत्तरेची शहरे त्यांनी पाहिली. झाशीच्या वेढ्यात व पाडावात ते सापडले, लुबाडले गेले, उपाशी राहिले आणि तरीही जगून परत आले. परतताना आईवडिलांसाठी गंगेची कावड त्यांनी खांद्यावरून कोकणात आणली. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक चिंतामणराव वैद्य यांनी सन १९०७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्याची योग्यता मराठी वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. येथे एवढेच पाहावयाचे की, इतक्या अनोळखी मुलखात, इतक्या भयंकर काळात, या गरीब भिक्षुकास जागोजागी दक्षिणी मंडळींचा आश्रय मिळाला. धन नसले तरी जन्माने लाभलेली एक हुंडी त्याच्यापाशी होती, आणि ती बहुतेक गावी वटत असे.

इंग्रजी अमलात या वाटेवर आणखी एक पाहुणा आला. सन १८२८-२९ च्या सुमारास सर जॉन माल्कम याने महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण वसविण्यास प्रारंभ केला. लोहमार्ग होण्यापूर्वी मुंबईचे साहेबलोक समुद्राने बाणकोटास, खाडीने दासगावास आणि तेथून महाड-पोलादपुरावरून डोंगरावर जात. पुढे १८७० च्या दशकात आंबेनळी घाटाचा चांगला रस्ता झाला. साहेबांसाठी डाकबंगले बांधले गेले. तेथे खानसामा असे, टेबलखुर्ची असे, आणि कोंबडीचे कालवण असे. एका गावात आता चार तऱ्हेची स्वयंपाकघरे झाली: साहेबाचा डाकबंगला, ब्राह्मणाची ओसरी, धर्मशाळेपुढील तीन धोंडे, आणि मुसलमान मोहल्ल्यातील पाहुणचार. ज्याची त्याची सोय होती. मग गैरसोय कोणाची होती?

गैरसोय होती ती त्याच प्रदेशातील एका फार मोठ्या वर्गाची, ज्यास त्या काळी अस्पृश्य म्हणत. आणि येथे एक विशेष गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. महाड-दासगावच्या आसमंतातील महार समाज घरकोंबडा नव्हता. इंग्रजांच्या मुंबई फौजेत त्यातील अनेकजण शिपाई, हवालदार, सुभेदार झाले आणि पलटणीबरोबर हिंदुस्थानभर फिरले. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे अशांपैकीच एक. सन १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली. सन १८८८ मध्ये ‘विटाळविध्वंसक’ हे लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. सन १८९५ मध्ये महाड तालुका लोकलबोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्याशेजारी बसण्यावरून वादळ उठले. पलटणीत ज्यास सरकारी शिधा मिळे, ज्याने विष्णुभटांइतकाच मुलूख पालथा घातला, तो शिपाई निवृत्त होऊन आपल्याच तालुक्याच्या बाजारात आला म्हणजे त्यास पेलाभर पाणी मिळण्याची पंचाईत पडे. पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला माणूस घराच्या उंबऱ्याशी तहानलेला राही.

भाकरी फडक्यात बांधून नेता येते. पाणी नेता येत नाही. कडक उन्हात चारसहा कोस चालून आलेल्या माणसाजवळ भाकरी असूनही ती घशाखाली उतरत नाही, हा अनुभव ज्यांस आला त्यांसच त्याचा अर्थ कळेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आठवणींत असा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. सन १९०१ मधील ही गोष्ट. त्यांचे वय दहा वर्षांच्या आसपास. वडील नोकरीनिमित्त खटाव तालुक्यात होते, आणि त्यांस भेटण्यासाठी भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीचे मुलगे अशी लहान मुले साताऱ्याहून आगगाडीने निघाली. मसूर स्टेशनावर ती उतरली, परंतु वडिलांस पत्र न पोहोचल्यामुळे न्यावयास कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच गाडीवाले मिळेनात. अखेर दुप्पट भाड्यावर एकजण कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी आणि त्याने मागून पायी चालावे. मुलांजवळ डबा भरून जेवण होते. रात्र झाली, जकातनाक्याशी गाडी थांबली, पाणी मागितले, आणि नकार मिळाला. भरलेला डबा तसाच ठेवून मुले उपाशी झोपली. अन्न होते, भूक होती. मध्ये पाणी नव्हते.

महाडच्या बाजारात हाच प्रसंग रोज घडत होता. भोवतालच्या खेड्यांतून अस्पृश्य मंडळी गवत, लाकूडफाटा विकावयास, कचेरीच्या कामास, पेन्शन घेण्यास शहरात येत. शहरात चवदार तळे होते, भोवती घरे होती, मुसलमान व ख्रिस्ती त्या तळ्याचे पाणी नेत, गुरेढोरे पीत. परंतु या माणसांस तेथे मज्जाव होता. इतक्यात गावोगाव चहाची दुकाने निघू लागली. चहा हा नवा पदार्थ, त्यास शास्त्र नव्हते. तरी कप मात्र निराळे ठेवले गेले! या परिस्थितीवर दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे या तरुणाने एक उपाय काढला. त्यांच्या पुढाकाराने महाडात अस्पृश्यांसाठी चहाफराळाचे एक दुकान सुरू झाले. बाजारकरी तेथे बसत, चहा पीत, गावोगावच्या बातम्या सांगत, अर्ज लिहवून घेत. चहाचे दुकान ही बसावयाची जागा असते, आणि माणसे एकत्र बसली की बोलू लागतात. महाडच्या इतिहासात या लहानशा दुकानास जी जागा मिळावयास हवी ती अद्याप मिळालेली नाही. ज्या परिषदेने पुढे इतिहास घडविला तिच्या आयोजनात हेच मोरे अग्रभागी होते.

ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेकौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालविलेल्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्यात, असा त्याचा आशय. पाणवठ्याबरोबर धर्मशाळेचे नाव आले ही गोष्ट सूचक आहे; ठराव करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गावकऱ्याप्रमाणेच वाटसरूही होता. महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. नगरपालिकेत त्या वेळी सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे उदार विचारांचे गृहस्थ होते. तथापि ठराव कागदावर राहिला आणि तळे जेथल्या तेथे.

ता. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. हजारो माणसे भाकऱ्या बांधून, कित्येक कोस चालत आली. परिषदेस जमलेल्या लोकांसाठी पाणी विकत घ्यावे लागले. त्याची किंमत चाळीस रुपये झाली. शहराच्या मध्यभागी तुडुंब भरलेले तळे, आणि पाहुणे पैसे मोजून पाणी घेत आहेत! पहिल्या दिवशीच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी अन्नाचा विषय काढला. मेलेल्या जनावरांचे मांस खाणे सोडा, उष्टे मागणे सोडा, असे त्यांनी निक्षून सांगितले. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांच्या सूचनेवरून सारी परिषद रांगेने तळ्यावर गेली. डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्राशन केले, आणि त्यांच्यामागून त्या समुदायाने.

त्यानंतर जे घडले त्यातही अन्नाचा संबंध आहे. अस्पृश्य मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी हूल गावात उठली. परिषद संपलेली होती. पुष्कळजण गावाकडे निघाले होते, काहीजण मंडपात जेवावयास बसले होते. काठ्या घेतलेला जमाव मंडपावर चालून आला. जेवणाऱ्यांस मारहाण झाली, शिजविलेले अन्न मातीत मिसळले गेले. घरच्या वाटेला लागलेल्यांसही रस्त्यात गाठून झोडपले. त्या वेळी कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आश्रय घेतला आणि तो त्यांस मिळाला. डॉ. आंबेडकर डाकबंगल्यात उतरले होते. प्रतिकारास उत्सुक असलेल्या आपल्या माणसांस त्यांनी आवरले, आणि त्यामुळे मोठा रक्तपात टळला.

पुढे तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. दहीदूध, गोमय आणि गोमूत्र यांच्या एकशे आठ घागरी त्यात ओतल्या गेल्या, मंत्र म्हटले गेले, आणि पाणी पुन्हा पिण्यास योग्य झाले असे जाहीर झाले. नगरपालिकेनेही ता. ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला पूर्वीचा ठराव मागे घेतला. बोले ठरावास बरोबर चार वर्षे त्या दिवशी पुरी झाली. गांधारपाल्याच्या राजकुमाराने पाण्याच्या पोढ्या कोरून पुण्य जोडले होते. त्याच डोंगराच्या सावलीतील गावाने पाणी नाकारण्यात धर्म पाहिला.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरली, तेव्हा महाडच्या बाजाराने आपले दार बंद केले. दुकानदार माल देईनात. धान्य, भांडीकुंडी सर्व बाहेरून आणावे लागले. मंडपास जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. डॉ. आंबेडकर मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघून खाडीने दासगावास आले, आणि तेथून समुदायासह पाच मैल चालत महाडास पोहोचले. साहेबलोक महाबळेश्वराची हवा खावयास ज्या मार्गाने जात तोच हा मार्ग. ता. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यासंबंधी दिवाणी कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आलेला होता. सरकारशी झगडा नको म्हणून तळ्यावर जाण्याचा बेत तहकूब झाला, आणि लढा न्यायालयात गेला. तो तेथे जवळजवळ दहा वर्षे चालला. ता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला: अस्पृश्यांस वगळण्याची अनादिकालापासूनची रूढी वादींस सिद्ध करता आलेली नाही. तळे कायद्याने खुले झाले.

एवढ्या दीर्घ झगड्याचे फलित केवळ एक तळे होते काय? याचे उत्तर पुढच्या इतिहासाने दिले. सन १९४७ मध्ये डॉ. आंबेडकर घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. ता. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या घटनेचे पंधरावे कलम वाचावे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांमुळे कोणाही नागरिकास दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश नाकारला जाणार नाही, असे ते सांगते. आणि त्याच्या लगेच पुढे विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांचा उल्लेख करते. उपाहारगृह आणि तळे, भाकरी आणि पाणी, ही एकाच कलमात शेजारी शेजारी बसली आहेत. सन १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावयाचा, लोकांस आपली सेवा देऊ करणारा प्रत्येक व्यवसाय त्यात येतो, असा खुलासा डॉ. आंबेडकरांनी केला. मसूरच्या गाडीवानाचा त्यांस विसर पडला असेल असे वाटत नाही.

कायदा एका दिशेने येत असता दुसऱ्या दिशेने व्यवहारही बदलत होता. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ शेतीवर सर्वांचे पोट भरेना, तेव्हा तेथील माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेली. गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांनी त्यांस जेवू घातले. प्रारंभी याही खानावळी गावच्या, जातीच्या असत. परंतु रस्त्याच्या कोपऱ्यावर इराण्याचे हॉटेल होते, आणि तेथे पैसे देणाऱ्याची जात विचारली जात नाही असा त्याचा लौकिक होता. मुंबईत संगमरवरी टेबलाशी बसून चहा प्यालेला तरुण शिमग्यास गावी आला म्हणजे वेगळा ठेवलेला कप त्यास पूर्वीसारखा सहन होत नसे. सन १९४८ पासून राज्याची मोटारवाहतूक सुरू झाली, आणि एस. टी. च्या बाकावर कोणी कोणाशेजारी बसावे हे तिकिटाने ठरू लागले. बसस्थानकाच्या उपाहारगृहात एकाच पिंपाचे पाणी सर्वांनी प्यावे, हे दृश्य त्यानंतरचे.

आज मुंबईहून गोव्याकडे जाणारा प्रवासी महाडावरून पोलादपुरास येतो, महाबळेश्वराकडे वळावयाचे की कशेडीकडे जावयाचे हे ठरवितो आणि बहुधा त्यापूर्वी कोठेतरी जेवून घेतो. महामार्गावरील उपाहारगृहात तांदळाची भाकरी, मासळीचे कालवण, वालाची उसळ, सोलकढी त्याच्यापुढे येते. शेजारच्या टेबलाशी कोण बसले आहे, आत कोण शिजवीत आहे, हे विचारण्याचे त्याच्या मनातही येत नाही. न विचारणे इतके अंगवळणी पडले आहे की, त्यासाठी कोणी काही किंमत मोजली असेल अशी शंकाही त्यास शिवत नाही. मात्र याच तालुक्यातील आणि इतरही अनेक खेड्यांत पाणवठ्याचा आणि पंक्तीचा प्रश्न पुढेही बराच काळ धुमसत राहिला, आणि तो देशातून समूळ गेला असे म्हणण्याचे धाडस कोणी जाणता माणूस करणार नाही. कायदा दार उघडतो. आत बोलावण्याचे काम घरातील माणसांचे असते.

दरवर्षी ता. २० मार्चला दूरदूरचे लोक महाडास येतात, चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतात, पाण्यास हात लावतात आणि परतीच्या वाटेस लागतात. त्यांतील बहुतेकांजवळ घरून बांधून आणलेली शिदोरी असते. ती सोडून, तळ्याच्या काठावर बसून, ते दोन घास खातात आणि वर पाणी पितात. प्रवासातील आवडत्या भोजनस्थळांच्या याद्या पुष्कळ निघतील, आणि निघाव्यातही; चांगल्या अन्नाची आवड हा काही दोष नव्हे. परंतु उत्तरेच्या एखाद्या शहरात प्रसिद्ध दुकानापुढे रांगेत उभ्या राहणाऱ्या मराठी माणसाने ही लहानशी गोष्ट जाणून असावी की, त्या रांगेत कोणीही कोणाच्याही पुढेमागे उभे राहावे, हा साधा हक्क मिळविण्याच्या लढाईतील एक मोठा दिवस सावित्रीच्या काठच्या एका गावात, एका तळ्याच्या पायऱ्यांवर, उगवला होता.